पीएचपीमधून मायएसक्यूएलचा वापर

पीएचपी या भाषेत लिहिलेल्या आज्ञावलीतून मायएसक्यूएल या संबंधाधारित विदागाराशी, म्हणजेच रिलेशनल डेटाबेसशी, जोडणी करणे, त्यात माहिती साठवणे, शोधणे, बदलणे व वगळणे ही गतिमान संकेतस्थळांच्या बांधणीतील एक प्रचलित पद्धत आहे. या पद्धतीत संकेतस्थळावरील पाने आधीच तयार करून ठेवलेली नसतात. वाचकाची मागणी येताच पीएचपी विदागारातील नोंदी वाचते आणि त्यांवरून पान त्या क्षणी तयार करून पाठवते.

मीडियाविकी, वर्डप्रेस, ड्रुपल, जूमला यांसारख्या मुक्त स्रोत प्रणाली याच जोडीवर उभ्या राहिल्या. वापरण्यास सोपी असल्यामुळे ही जोडी लोकप्रिय झाली. मात्र क्वेरी लिहिण्याच्या चुकीच्या सवयींमुळे एसक्यूएल इंजेक्शन या गंभीर सुरक्षादोषाचा प्रसारही तिच्यासोबतच झाला.

इतिहास

संबंधाधारित विदागाराची संकल्पना आयबीएम या कंपनीतील संशोधक एडगर कॉड यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात मांडली. माहिती ओळी आणि रकाने असलेल्या तक्त्यांत ठेवावी आणि तक्त्यांमधील संबंध समान मूल्यांच्या आधारे जोडावेत, हे तिचे सार होय. १९७४ साली आयबीएममधीलच डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी या संकल्पनेवर आधारित क्वेरीभाषा मांडली. तिचेच पुढे एसक्यूएल असे नामकरण झाले. १९८६ साली या भाषेला अमेरिकी प्रमाणसंस्थेची आणि १९८७ साली आंतरराष्ट्रीय प्रमाणसंस्थेची मान्यता मिळाली.

पीएचपी आणि मायएसक्यूएल ही दोन्ही साधने १९९५ साली लोकांसमोर आली. ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्या रासमुस लेरडॉर्फ यांनी स्वतःच्या संकेतस्थळासाठी १९९४ साली लिहिलेल्या साधनांपासून पीएचपीचा आरंभ झाला. जून १९९५ मध्ये त्यांनी ही साधने सर्वांसाठी खुली केली. झीव सुरास्की व अँडी गुटमन्स यांनी मूळ गाभा नव्याने लिहिल्यानंतर १९९८ साली पीएचपी ३ ही आवृत्ती आली. मायएसक्यूएलची निर्मिती मायकेल विडेनियस, डेव्हिड ॲक्समार्क व ॲलन लार्सन यांच्या स्वीडनमधील कंपनीने केली. विडेनियस यांच्या ‘माय’ या मुलीच्या नावावरून विदागाराचे नाव ठेवण्यात आले.

लिनक्स, अपाची, मायएसक्यूएल व पीएचपी या चार साधनांच्या संचाला ‘लँप’ हे संक्षिप्त नाव १९९८ साली एका जर्मन संगणकविषयक नियतकालिकातील लेखातून मिळाले. चारही साधने विनामूल्य उपलब्ध असल्याने अल्प खर्चात संकेतस्थळ चालवणे शक्य झाले. २००८ साली सन मायक्रोसिस्टिम्सने मायएसक्यूएलची कंपनी विकत घेतली आणि २०१० साली सन ही कंपनी ओरॅकलच्या ताब्यात गेली. या घडामोडींच्या काळात, २००९ साली, विडेनियस यांनी मूळ स्रोतावरून मारियाडीबी ही स्वतंत्र शाखा सुरू केली. तिला त्यांच्या धाकट्या मुलीचे नाव दिलेले आहे. पीएचपीच्या दृष्टीने दोन्ही विदागारांशी जोडणी करण्याची पद्धत जवळजवळ सारखीच आहे.

कार्यपद्धती

ब्राउझरकडून आलेली मागणी प्रथम वेब सर्व्हरकडे पोहोचते. वेब सर्व्हर ती पीएचपीकडे सोपवतो. पीएचपीची आज्ञावली विदागाराच्या सर्व्हरशी जोडणी करते, एसक्यूएल भाषेतील क्वेरी पाठवते आणि मिळालेल्या ओळींवरून एचटीएमएल पान तयार करते. पान पाठवून झाल्यावर आज्ञावलीची स्मृती रिकामी होते आणि जोडणीही आपोआप बंद होते. पुढच्या मागणीच्या वेळी सर्व काही पहिल्यापासून सुरू होते. त्यामुळे दोन मागण्यांच्या दरम्यान टिकवून ठेवायची माहिती विदागारात, संचिकेत किंवा अन्य साठ्यात लिहून ठेवावी लागते.

मायएसक्यूएलचा सर्व्हर सर्वसाधारणपणे ३३०६ क्रमांकाच्या पोर्टवर मागणी स्वीकारतो. युनिक्स वर्गातील प्रणालींवर सर्व्हरचे नाव ‘लोकलहोस्ट’ असे दिल्यास जोडणी पोर्टऐवजी सॉकेट संचिकेमार्फत होते. १२७.०.०.१ हा पत्ता दिल्यास ती पोर्टमार्फत होते. दोन्ही नावे एकाच यंत्राची असूनही एकाने जोडणी होते व दुसऱ्याने होत नाही, या नवशिक्यांना पडणाऱ्या कोड्याचे कारण पुष्कळदा हेच असते.

जोडणीची साधने

पीएचपीमध्ये मायएसक्यूएलसाठी कालक्रमाने तीन विस्तार उपलब्ध झाले.

मायएसक्यूएल विस्तार: हा सर्वांत जुना विस्तार होय. यात प्रिपेअर्ड स्टेटमेंटची सोय नव्हती. २०१३ साली आलेल्या पीएचपी ५.५ मध्ये तो कालबाह्य ठरवण्यात आला आणि २०१५ च्या पीएचपी ७.० मधून काढून टाकण्यात आला. जुनी पुस्तके व शिकवण्या यांत मात्र त्याचीच उदाहरणे आढळतात. ती आजच्या पीएचपीवर चालत नाहीत.

मायएसक्यूएलआय: नावातील ‘आय’ हे अक्षर ‘सुधारित’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर आहे. २००४ साली पीएचपी ५.० सोबत आलेला हा विस्तार केवळ मायएसक्यूएल व मारियाडीबी यांच्यासाठी आहे. तो फंक्शनच्या स्वरूपात तसेच ऑब्जेक्टच्या स्वरूपात वापरता येतो.

पीडीओ: २००५ साली पीएचपी ५.१ सोबत हा विस्तार अंतर्भूत झाला. मायएसक्यूएलखेरीज पोस्टग्रेएसक्यूएल, एसक्यूलाइट इत्यादी विदागारांसाठीही तो एकाच पद्धतीने वापरता येतो. तथापि विदागार बदलल्यास एसक्यूएलमधील बोलीभेद आज्ञावली लिहिणाऱ्यालाच हाताळावे लागतात.

पूर्वी क्वेरी फसल्यास ही साधने केवळ नकारार्थी मूल्य परत करत. ते तपासले नाही, तर दोष लक्षात येत नसे. पीएचपी ८.० पासून पीडीओमध्ये आणि ८.१ पासून मायएसक्यूएलआयमध्ये अशा वेळी आपोआप एक्सेप्शन उद्भवते. त्याचा तपशील लॉगमध्ये नोंदवावा, वाचकाच्या पडद्यावर दाखवू नये, असा संकेत आहे. तक्त्यांची व रकान्यांची नावे त्यातून उघड होऊ शकतात.

क्वेरी व निकाल

एखाद्या सार्वजनिक वाचनालयाच्या विदागारात ‘सभासद’, ‘पुस्तके’ व ‘देवघेव’ असे तीन तक्ते आहेत असे मानू. प्रत्येक सभासदाला आणि पुस्तकाला एक क्रमांक असतो. त्याला प्राथमिक की म्हणतात. ‘देवघेव’ तक्त्यात सभासदाचे नाव व पुस्तकाचे शीर्षक पुन्हा न लिहिता केवळ दोघांचे क्रमांक व तारीख नोंदवली जाते. सभासदाचा पत्ता बदलल्यास तो एकाच ठिकाणी बदलावा लागतो, हा या रचनेचा मुख्य लाभ होय.

एसक्यूएलमधील आज्ञाशब्द रोमन लिपीत लिहिले जातात. देवनागरीत लिहायचे झाल्यास एका सभासदाची माहिती मागणारी क्वेरी अशी असेल:

सिलेक्ट नाव, दूरध्वनी फ्रॉम सभासद व्हेअर नाव = 'मीना'

तक्त्यांची व रकान्यांची नावे देवनागरीत ठेवण्यास मायएसक्यूएलची, तसेच चलांची नावे देवनागरीत ठेवण्यास पीएचपीची हरकत नसते. व्यवहारात मात्र ती बहुधा रोमन लिपीतच ठेवली जातात.

नवीन ओळ लिहिण्यासाठी ‘इन्सर्ट’, असलेली ओळ बदलण्यासाठी ‘अपडेट’ आणि वगळण्यासाठी ‘डिलीट’ या आज्ञा आहेत. ‘अपडेट’ वा ‘डिलीट’ या आज्ञांमध्ये ‘व्हेअर’ची अट विसरल्यास ती आज्ञा तक्त्यातील सर्व ओळींवर लागू होते. निकालातील ओळी पीएचपीमध्ये एकेक करून किंवा एकत्रितपणे वाचता येतात. रकान्याच्या नावाने मूल्य देणारी वाचनपद्धत अधिक वापरली जाते, कारण रकान्यांचा क्रम बदलला तरी आज्ञावलीत बदल करावा लागत नाही.

एसक्यूएल इंजेक्शन

वाचकाने अर्जात भरलेला मजकूर क्वेरीच्या वाक्यात थेट जोडल्यास त्या मजकुराला आज्ञेचे रूप येऊ शकते. या दोषाला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. १९९८ साली जेफ फॉरिस्टल यांनी ‘फ्रॅक’ या हॅकरांच्या नियतकालिकात त्याविषयी जाहीर लेखन केले.

वरील क्वेरीतील नावाच्या जागी कोणी ' ऑर '१' = '१ असा मजकूर भरला, तर विदागारापर्यंत पोहोचणारी क्वेरी पुढीलप्रमाणे होते:

सिलेक्ट नाव, दूरध्वनी फ्रॉम सभासद व्हेअर नाव = '' ऑर '१' = '१'

एक बरोबर एक ही अट प्रत्येक ओळीसाठी खरी असल्याने एका सभासदाऐवजी सर्व सभासदांची नावे व दूरध्वनी क्रमांक बाहेर पडतात. पासवर्ड तपासणारी क्वेरी अशाच प्रकारे लिहिलेली असेल, तर पासवर्ड माहीत नसतानाही प्रवेश मिळू शकतो.

हाच दोष कोणताही वाईट हेतू नसतानाही प्रकट होतो. गोवा व वसई परिसरात आढळणारी डि'सोझा, डि'सिल्व्हा यांसारखी आडनावे रोमन लिपीत लिहिताना मध्ये एकेरी अवतरणचिन्ह येते. मजकूर जोडून लिहिलेली क्वेरी अशा नावापाशी मोडते आणि त्या व्यक्तीची नोंदच होत नाही. एखादा अर्ज विशिष्ट आडनावे स्वीकारत नसेल, तर तो इंजेक्शनलाही खुला असण्याची शक्यता मोठी असते.

या दोषाचे परिणाम किती मोठे असू शकतात हे ब्रिटनमधील टॉकटॉक या दूरसंचार कंपनीच्या प्रकरणातून दिसून आले. ऑक्टोबर २०१५ मध्ये झालेल्या हल्ल्यात १,५६,९५९ ग्राहकांची वैयक्तिक माहिती हल्लेखोराच्या हाती लागली. त्यांपैकी १५,६५६ जणांच्या बँक खात्यांचा तपशीलही त्यात होता. दुसऱ्या कंपनीकडून ताब्यात आलेल्या जुन्या वेबपानांतून एसक्यूएल इंजेक्शनद्वारे हा हल्ला झाल्याचे तेथील माहिती आयुक्तांच्या चौकशीत निष्पन्न झाले आणि २०१६ साली कंपनीला ४,००,००० पौंडांचा दंड ठोठावण्यात आला.

प्रिपेअर्ड स्टेटमेंट

इंजेक्शनवरील मुख्य उपाय म्हणजे क्वेरी आणि मूल्ये वेगवेगळी पाठवणे. क्वेरीत मूल्याच्या जागी प्रश्नचिन्ह लिहिले जाते:

सिलेक्ट नाव, दूरध्वनी फ्रॉम सभासद व्हेअर नाव = ?

विदागार प्रथम या वाक्याची रचना निश्चित करतो आणि नंतर आलेले मूल्य केवळ मूल्य म्हणून वापरतो. त्या मूल्यात अवतरणचिन्ह वा आज्ञाशब्द असले तरी वाक्याची रचना बदलत नाही. मायएसक्यूएलआयमध्ये जागा दाखवण्यासाठी केवळ प्रश्नचिन्ह चालते. पीडीओमध्ये विसर्गासारखे दिसणारे अपूर्णविराम चिन्ह पुढे लावून जागेला नावही देता येते. मायएसक्यूएलसाठी पीडीओ मुळात या पद्धतीची नक्कल करतो, म्हणजे मूल्ये सुरक्षित करून पीएचपीच्या बाजूलाच वाक्यात भरतो. खरी प्रिपेअर्ड स्टेटमेंट हवी असल्यास ही नक्कल बंद करावी लागते.

या उपायाला मर्यादाही आहेत. प्रश्नचिन्ह केवळ मूल्याची जागा घेऊ शकते. तक्त्याचे नाव, रकान्याचे नाव किंवा चढता-उतरता क्रम यांच्यासाठी ते वापरता येत नाही. यादी कोणत्या रकान्यानुसार लावायची हे वाचक ठरवत असेल, तर त्याने पाठवलेले नाव मान्य नावांच्या यादीशी ताडून पाहणे आवश्यक ठरते. तसेच विदागारातून वाचलेला मजकूर ‘आपलाच’ म्हणून पुढच्या क्वेरीत थेट जोडल्यास, पूर्वी सुरक्षितपणे साठवलेला घातक मजकूरही कार्यान्वित होतो.

जुन्या पीएचपीत अर्जातून येणाऱ्या प्रत्येक अवतरणचिन्हापुढे आपोआप तिरकी रेघ लावणारी ‘मॅजिक कोट्स’ ही सोय होती. तिच्यामुळे विदागारात नको तेथे तिरक्या रेघा साठत आणि सुरक्षिततेचा खोटा विश्वास निर्माण होई. २०१२ साली पीएचपी ५.४ मधून ती काढून टाकण्यात आली.

ट्रान्झॅक्शन

काही कामांत एकाहून अधिक क्वेरी एकत्र पूर्ण होणे आवश्यक असते. वाचनालयातून पुस्तक देताना ‘देवघेव’ तक्त्यात नोंद होते आणि ‘पुस्तके’ तक्त्यातील शिल्लक प्रतींची संख्या एकाने कमी होते. पहिले काम झाल्यावर वीज गेली, तर नोंदी परस्परांशी जुळत नाहीत. अशी कामे ट्रान्झॅक्शनमध्ये बांधली जातात. सर्व क्वेरी यशस्वी झाल्यास ‘कमिट’ करून ती कायम केली जातात, अन्यथा ‘रोलबॅक’ करून पूर्वस्थिती आणली जाते. ही सोय इनोडीबी या साठवणयंत्रणेत आहे. मायआयसॅम या जुन्या यंत्रणेत ती नाही. मायएसक्यूएल ५.५ पासून इनोडीबी ही मूलनिर्धारित यंत्रणा आहे.

केवळ ट्रान्झॅक्शन वापरल्याने सर्व प्रश्न सुटत नाहीत. शेवटची एकच प्रत असताना दोन खिडक्यांवर एकाच क्षणी शिल्लक तपासली गेली, तर दोन्हीकडे ‘१’ हीच संख्या दिसते आणि एक प्रत दोघांच्या नावे लागते. त्यामुळे तपासणी व बदल एकाच क्वेरीत करणे अधिक सुरक्षित असते:

अपडेट पुस्तके सेट शिल्लक = शिल्लक - १ व्हेअर क्रमांक = ? अँड शिल्लक > ०

या क्वेरीने किती ओळी बदलल्या हे पीएचपीला विचारता येते. उत्तर शून्य आल्यास प्रत शिल्लक नाही असे समजून रोलबॅक करता येते.

देवनागरी मजकुराची साठवण

मायएसक्यूएलच्या जुन्या आवृत्त्यांत पश्चिम युरोपीय लिप्यांसाठीचा लॅटिन-१ हा वर्णसंच मूलनिर्धारित होता आणि क्रमवारी स्वीडिश भाषेची होती. त्यामुळे मराठी संकेतस्थळांना मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हे किंवा निरर्थक अक्षरांची माळ दिसण्याचा त्रास होत असे. पान, पीएचपीची संचिका, विदागाराशी होणारी जोडणी आणि तक्ता या चारही ठिकाणी यूटीएफ-८ संकेतन असणे आवश्यक असते. यांपैकी जोडणीचे संकेतन सर्वाधिक वेळा विसरले जाते. जोडणी लॅटिन-१ मध्ये असताना लिहिलेला मराठी मजकूर त्याच जोडणीतून वाचल्यास योग्य दिसतो. विदागारात मात्र तो दुहेरी संकेतनाने बिघडलेल्या रूपात साठलेला असू शकतो, आणि हे संकेतस्थळ दुसऱ्या सर्व्हरवर हलवताना उघडकीस येते.

मायएसक्यूएलमधील ‘यूटीएफ८’ नावाचा वर्णसंच प्रत्यक्षात एका वर्णासाठी तीनच बाइट देत असे. देवनागरीला ते पुरतात, परंतु इमोजीसारख्या चार बाइटच्या चिन्हांना पुरत नाहीत. कडक तपासणी बंद असल्यास असे चिन्ह आल्यावर तेथून पुढचा सर्व मजकूर कापला जाई. यासाठी ‘यूटीएफ८एमबी४’ हा पूर्ण वर्णसंच आणण्यात आला. मायएसक्यूएल ८.० पासून तो मूलनिर्धारित आहे.

मजकुराची लांबी मोजतानाही काळजी घ्यावी लागते. ‘वाचनालय’ या शब्दात वाचकाला पाच अक्षरे दिसतात. काने वेगळे धरल्यास युनिकोडमधील वर्ण सात होतात आणि बाइट एकवीस. पीएचपीचे ‘स्ट्रलेन’ हे फंक्शन बाइट मोजते, ‘एमबी_स्ट्रलेन’ वर्ण मोजते, तर मायएसक्यूएलच्या ‘व्हारचार’ रकान्याची मर्यादा वर्णांत असते. बाइटच्या हिशोबाने मजकूर कापल्यास शेवटचे अक्षर तुटते.

क्रमवारी व शोध यांतही मराठीचे काही विशेष प्रश्न आहेत. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा वर्ण ‘ह’ नंतर येतो, परंतु युनिकोडमध्ये तो ‘ल’ च्या लगेच पुढे आहे. त्यामुळे विदागाराने लावलेला क्रम छापील कोशातील क्रमाहून भिन्न ठरू शकतो. ‘ॲ’ हे अक्षर एकच वर्ण म्हणून किंवा ‘अ’ व अर्धचंद्र असे दोन वर्ण म्हणून टंकित होते. दोन्ही रूपे सारखी दिसत असली तरी युनिकोड त्यांना समान मानत नाही. साठवण्यापूर्वी मजकूर एकाच रूपात आणणे हा त्यावरील उपाय होय.

पासवर्ड व अधिकार

पासवर्ड विदागारात मूळ रूपात ठेवले जात नाहीत. पीएचपी ५.५ पासून उपलब्ध असलेले ‘पासवर्ड_हॅश’ हे फंक्शन पासवर्डपासून पुन्हा उलगडता न येणारी खूण तयार करते. तिची पडताळणी ‘पासवर्ड_व्हेरिफाय’ने होते. यातील बीक्रिप्ट ही पद्धत पहिले ७२ बाइटच विचारात घेते. देवनागरीत ही मर्यादा २४ वर्णांची होते.

संकेतस्थळासाठी विदागाराचे स्वतंत्र खाते ठेवून त्याला आवश्यक तेवढेच अधिकार देण्याची शिफारस केली जाते. केवळ यादी दाखवणाऱ्या आज्ञावलीला तक्ता नष्ट करण्याचा अधिकार नसेल, तर इंजेक्शनचा दोष राहून गेला तरी हानी मर्यादित राहते. जोडणीचा पासवर्ड असलेली संचिका वेब सर्व्हरच्या सार्वजनिक निर्देशिकेबाहेर ठेवली जाते.

कार्यक्षमता

पान संथ होण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे क्वेरींची अनावश्यक संख्या. शंभर देवघेवींची यादी दाखवताना प्रत्येक ओळीसाठी सभासदाचे नाव वेगळ्या क्वेरीने मागवल्यास एकशे एक क्वेरी होतात. ‘जॉइन’ वापरून हेच काम एका क्वेरीत होते. वारंवार शोधल्या जाणाऱ्या रकान्यांवर इंडेक्स तयार केल्यास विदागाराला संपूर्ण तक्ता वाचावा लागत नाही. शब्दाच्या मध्यभागाचा शोध घेणाऱ्या, म्हणजे टक्केचिन्हाने सुरू होणाऱ्या ‘लाइक’ अटीला मात्र साध्या इंडेक्सचा असा उपयोग होत नाही. ‘एक्सप्लेन’ ही आज्ञा विदागार क्वेरी कशी सोडवणार आहे ते दाखवते.

वापर

मीडियाविकी ही विकिपीडियाची प्रणाली पीएचपीत लिहिलेली आहे. विकिमीडिया प्रतिष्ठानाच्या सर्व्हरवर पूर्वी मायएसक्यूएल वापरले जात असे, २०१३ साली त्याची जागा मारियाडीबीने घेतली. मराठी विकिपीडियावरील प्रत्येक संपादनाची नोंद, लेखाचा इतिहास आणि वर्ग यांची माहिती याच पद्धतीने साठवली जाते. २००३ साली सुरू झालेली वर्डप्रेस ही प्रणालीही याच जोडीवर चालते आणि मराठीतील अनेक अनुदिन्या तिच्यावर आहेत. फेसबुकचा आरंभही २००४ साली पीएचपी व मायएसक्यूएल यांच्या साहाय्याने झाला.

हे सुद्धा पहा

पीएचपी
मायएसक्यूएल
मारियाडीबी
एसक्यूएल
एसक्यूएल इंजेक्शन
मीडियाविकी
युनिकोड